रोज एक कुजकट वाक्य

४ फेब्रुवारी

आज इथे दाखल झाले. सगळ्यात आधी तक्रार नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईंनी निमूट सहन केलं. माझ्या खोलीतल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. ज्या संस्थेत माणसाच्या पेशीतली एका अक्षराची चूक हुडकून दुरुस्त करतात, तिथे टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवणारा इसम उपलब्ध नाही. माझा हात थरथरतो, टेबल डुलतं, आणि दोघांच्या जुगलबंदीतून हे अक्षर उमटतंय. कार्यालयातल्या कारकुनाकडे रीतसर गाऱ्हाणं नेलं. तो म्हणाला, फर्निचर आमच्याकडे येत नाही, मेंदू येतात.

बाकी जागा झकास आहे, आणि हीच पंचाईत आहे. लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या बाईला कोपऱ्यातली हवेशीर खोली, दोन खिडक्या आणि स्वच्छ चादरी दिल्या तर तिने लिहायचं काय? भिंतींचा हिरवा रंग तेवढा आजारी वाटतो. त्यावर एखादा परिच्छेद निघेल.

धाकटा भाऊ न्यायला फाटकापर्यंत आला. चालत. शरद सरताना त्याला आम्ही इथे चाकाच्या खुर्चीत घालून आणलं होतं, मान धरून. आज त्याने माझी बॅग उचलली आणि जिना चढला. मी रडले नाही. डोळ्यांत धूळ गेली. दोन्हींत.

५ फेब्रुवारी

आमच्या घराण्यात इस्टेट नाही. वडिलांनी आम्हा दोघांना समसमान वाटून दिला तो हा आजार. आधी हातातला कप सुटतो, मग तोंडातला शब्द, मग घास. वडिलांचं असंच झालं, आत्याचंही. आत्या शेवटी शेवटी फक्त डोळ्यांनी शिव्या द्यायची, पण इतक्या स्पष्ट की भेटायला आलेले लाल व्हायचे.

डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितला. हे इतके तरुण आहेत की मिशी ठेवायला घरून चिठ्ठी आणली असावी. माझ्या मेंदूतल्या काही पेशी मरताहेत, त्यांच्या जागी निरोगी पेशी लावायच्या. कवटीला बारीकसं भोक, त्यातून केसाएवढी नळी. मग त्या पेशींनी मूळ धरावं म्हणून एका बुरशीपासून काढलेलं कडू औषध, सकाळ-संध्याकाळ. ते त्याला पोषक म्हणतात, मी खत म्हणते. पेशी एका बाईच्या आहेत. याच गावातली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी अपघातात गेली, नाव सांगत नाहीत. तेव्हापासून गोठवून ठेवल्यात. कितीतरी जणांच्या लावून पाहिल्या, त्या मेल्या. हिच्या प्रत्येकाच्या डोक्यात जगतात. फार चिवट बाई, म्हणाले. मी म्हटलं, आमचं जमेल.

१२ फेब्रुवारी

झालं. दुखलं नाही. डोक्याला पट्टी आहे आणि मी उकडलेल्या अंड्यासारखी दिसते.

एक मात्र खटकलं. धाकटा मला लहानपणापासून विंचू म्हणतो. जगात तो परवाना त्याच्या एकट्याकडे आहे. मी आल्यापासून त्याने तो एकदाही वापरला नाही. आज मला सूप भरवताना म्हणाला, एवढं संपव, चिमणे. मी म्हटलं, अरे मेल्या, मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. तर हसला. गोड. हा माणूस आयुष्यात फक्त पत्त्यांत मला फसवल्यावर हसायचा.

१९ फेब्रुवारी

माझ्याआधी उपचार झालेल्यांत एक पैलवान आहे, कुस्त्या शिकवायचा. मानेच्या जागी त्याला आणखी थोडे खांदे आहेत. आज तो जेवणघरात संत्रं सोलत बसला होता. साल अखंड काढली, फोडी सुट्या केल्या, एकेका फोडीवरचा पांढरा धागा नखाने काढून ताटलीच्या काठावर ओळीने मांडला. शेजारी धाकटा तेच करत होता. तसंच, त्याच हातांनी म्हणावं इतकं तसंच. धाकटा संत्रं खायचा ते बकरीसारखं, सालीसकट.

पैलवानाला विचारलं, हे कोणी शिकवलं. तो म्हणाला, चिमणीला धागे चालत नाहीत. कोण चिमणी, म्हटलं, मुलगी का तुमची? तो गोंधळला. त्याला दोन मुलगे आहेत. दोघांना संत्रं आवडत नाही.

आणि दुपारी हे सगळे लांब व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभे राहतात. कोणी बोलवत नाही. रस्त्याकडे बघत राहतात. काय बघतोस, म्हणून धाकट्याला विचारलं. शाळा सुटली असेल, म्हणाला.

त्या रस्त्यावर शाळा नाही. लाकडाची वखार आहे.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, स्वभाव निवळतो, चांगलं लक्षण आहे, घरचे लोक आभार मानतात. मी म्हटलं, डॉक्टर, हे निवळले नाहीत, हे सगळे मिळून एक बाई झालेत. ते हसले. लेखकांची कल्पनाशक्ती, वगैरे. आठवणी पेशींतून जात नाहीत, त्याला आधार नाही, म्हणाले. मग कागदांकडे बघत विचारलं, तुम्हाला दुपारी खिडकीशी जावंसं वाटतं का? मी नाही म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

म्हणजे यांना ठाऊक आहे.

उलटा रस्ता आहे का, विचारलं. आहे. एक औषध आहे, त्याने नव्या पेशी मरतात. पण मग आजार परत येतो, आणि दबा धरून बसल्यासारखा येतो. कप, शब्द, घास, सगळं एकदम. रुग्णाने स्वतः मागितलं तरच देतात. आजवर कोणी मागितलं का? ते म्हणाले, नाही, सगळे समाधानी आहेत.

२३ फेब्रुवारी

बंदोबस्त केला आहे. रोज एक कुजकट वाक्य लिहायचं, मनापासून. माझ्याकडे दुसरं आहे काय? रूप नव्हतं, पैसा नव्हता, होती ती जीभ. ज्या दिवशी वाक्य जमणार नाही, त्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ते औषध मागायचं. आत्यासारखी मरेन, पण मीच मरेन.

आजचं: कारकुनाच्या चेहऱ्यावर कायम असा भाव असतो की कोणीतरी त्याच्या डब्यात पाय बुडवून गेलंय.

ठणठणीत आहे मी.

२७ फेब्रुवारी

हात अजिबात थरथरत नाही. टेबल एकटंच डुलतं, त्याची कीव येते. अक्षर मात्र गोल गोल येतंय. माझं अक्षर चिरडलेल्या मुंग्यांसारखं होतं. हे कुणाचं?

धाकट्याशी भांडून पाहिलं. पत्त्यांत त्याच्या डोळ्यांदेखत लबाडी केली, तर म्हणतो, जिंकलीस की गं. मग तोंडाला येईल ते बोलले. नालायक, ऐतखाऊ, आईचा लाडोबा. त्याला हे शेवटचं सहन होत नसे, थाळ्या फेकायचा. आज त्याने ऐकून घेतलं, हात वर नेला आणि केसांची बट कानामागे सारली.

त्याला टक्कल आहे.

आजचं: पैलवान इतका गोड झालाय की त्याला मुंग्या लागतील. दुय्यम आहे. पण आहे.

३ मार्च

संत्रं सोललं. संपल्यावर ताटलीकडे लक्ष गेलं. काठावर धागे, ओळीने.

सकाळपासून वाक्याला बसले होते. डॉक्टर तरुण आहेत आणि त्यांना धड झोप मिळत नाही. हे कुजकट नाही. खोडलं. डॉक्टरांच्या मिशीला. मिशीला काय? त्यांच्या आईने बघायला हवं त्यांच्याकडे. खोडलं.

पैलवान एवढा मोठा, आणि त्याला कोणी विचारत

खोडलं.

४ मार्च

आज जमलं नाही. ठरलं होतं तसं डॉक्टरांकडे गेले. जिन्यात वाक्य घोकलं: मला ते औषध द्या, आजच द्या. दार उघडलं. माझ्या तोंडून आलं, किती वाळलात हो, वेळेवर जेवता की नाही.

ते खुर्चीत बसले आणि रडायला लागले. सगळे इथे येऊन हेच विचारतात, म्हणाले. मी पाठीवरून हात फिरवला. बाहेर आले तेव्हा आठवलं कशाला गेले होते. परत गेले. तुमच्या कोटाचं बटण सुटलंय, आणा लावून देते. पुन्हा बाहेर. भिंतीवर डोकं आपटून घेतलं, पट्टीच्या बाजूने, मुद्दाम. तिसऱ्यांदा कागदावर लिहून नेलं, म्हणजे बोलायलाच नको. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे वळवून धरला. त्यावर गोल अक्षरात: चिमणीचा डबा घरीच राहिला.

त्यांना म्हटलं, डॉक्टर, मी काय मागायला आलेय ते तुम्हाला कळतंय. ते म्हणाले, तुम्ही मागितलं नाहीत.

५ मार्च

धाकट्याच्या कॉलरला धरलं. म्हटलं, एकदा विंचू म्हण. एकदाच म्हण रे, पाया पडते तुझ्या. त्याने प्रयत्न केला, बिचाऱ्याने. ओठ जुळवले. विं, म्हणाला. आणि माझं मनगट आवळलं, विहिरीत पडलेला माणूस दोर आवळतो तसं. डोळ्यांत तो होता. माझा धाकटा, तिथे, तळाशी, बुडता—

मग मनगट सोडलं. असं कोणी मुलीला म्हणतं का, म्हणाला.

वळ अजून आहे. बघत बसलेय. हा वळ त्याचा आहे.

८ मार्च

दुपारी खिडकीशी होते. कशी गेले ते— पैलवान उजवीकडे, धाकटा डावीकडे. बोलायचं काय, सगळ्यांना तेच—

शाळा कधीची सुटली. अजून कशी नाही आली.

हे मी लिहिलं नाही.

९ मार्च

वाक्य. कुजकट वाक्य. कारकून—

कारकून चांगला आहे. आज त्याने पुठ्ठ्याची घडी आणून

नाही. परत.

विंचू विंचू विंचू विंचू. कोणाला म्हणायचे असं? कोणाला तरी म्हणायचे. लागत असेल त्या बाईला.

वळ गेला.

१० मार्च

एकदम आठवलं. वाटीभर साखर.

वखारीमागच्या गल्लीतली शेजारीण, निळ्या दाराची. पाहुणे आले म्हणून तिच्याकडून आणली होती आणि द्यायची राहूनच गेली. किती वाईट दिसतं ते. ती बोलायची नाही, पण मनात—

सकाळीच द्यायला हवी.

११ मार्च

दिली बाई एकदाची.

जेवणघरातून मागून घेतली, वाटी शिगोशीग, वर रुमाल. फाटकावर कोणी अडवलं नाही. रस्ता पायांना पाठ होता. दार निळं होतं ते हिरवं केलंय तिने. आणि केवढी म्हातारी झाली. केस पार पांढरे. परवाच तर साखर नेली.

म्हटलं, उशीर झाला गं, मनात ठेवू नकोस. ती माझ्या डोक्याच्या पट्टीकडे बघत राहिली. साखर डब्यात ओतली, वाटी विसळली आणि फळीवर ठेवली. फळीवर तशाच वाट्या होत्या, आमच्या जेवणघरातल्या. ओळीने. पुष्कळ.

चिमणी दिसली का, विचारलं. म्हणाली, ती मोठी झाली, लांब गेली, सुखात आहे. काहीतरीच. आठ वर्षांची पोर एकटी कुठे जाईल.

मग तिने मला बसवलं, पाणी दिलं. हात हातात घेऊन हळूच म्हणाली, सगळ्यांना विचारते मी, तुलाही विचारते, तुझं स्वतःचं नाव काय गं? मी म्हटलं, असं काय करतेस, अगं मी—