मोशीच्या भिंतीचा ठराव

चिंचवडगाव,
मंगळवार, सकाळ

प्रिय विजू,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. मोशी काही परदेशात नाही आणि फोन माझ्या खिशातच असतो, तरी नानांनी पत्र का लिहिलं, हे शेवटपर्यंत वाचलंस तर कळेल. गोरक्ष दुपारी तुझ्याकडे निघेल, त्याच्याच हाती देतो आहे. तो सुतार असला तरी टपालही नीट पोचवेल.

इकडे आम्ही मजेत आहोत. तुझ्या आईचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही. बाल्कनीतल्या कुंडीत मिरच्या धरल्या आहेत आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला त्या दाखवते. वाचनालयाने मला आठवड्याला दोन पुस्तकं जास्त द्यायला सुरुवात केली. मी निवेदन दिलं होतं. ग्रंथपाल म्हणाला, "सयाजीराव, नुसतं मागितलं असतं तरी दिली असती." पण नुसतं मागून मिळालेली वस्तू मला मिळाल्यासारखी वाटतच नाही.

रविवारी तुझा फ्लॅट पाहिला आणि छाती भरून आली, ते सांगायचं राहूनच गेलं. मी दुसऱ्याच विषयावर बोलत सुटलो. तू फरशीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर हॉलच्या भिंतीचा नकाशा पसरलास. बारा फुटांची भिंत. मधोमध टीव्ही, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. त्याखाली पाच फूट लांबीची, विजेवर चालणारी शेकोटी, काचेआड ज्वाळा. दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत कपाटं, आणि सगळ्या वायरी भिंतीच्या पोटात. चाकणला कंपनीत तू सुट्या भागांची मापं तपासतेस, त्याच डोळ्याने ही भिंत आखली होतीस. शेकोटीची गरम हवा समोरून बाहेर पडेल, वर टीव्हीला झळ लागणार नाही, हेसुद्धा तू बाणाने दाखवलं होतंस.

आणि मी उभा राहिलो. प्लायच्या थप्पीवर हात ठेवला, तेव्हाच तुझ्या आईने डोळे मिटून घेतले होते म्हणे. मी म्हणालो, की ज्या गावात मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर फोड येतो, तिथे शेकोटी? ज्या बापाने तीस वर्षं फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहून घाम गाळला, त्याच्या लेकीने काचेतली खोटी आग विकत घ्यायची? आग ही माणसाने जिंकलेली पहिली लढाई आहे, ती शोभेची वस्तू नाही! भाषण चांगलं झालं. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता, त्यामुळे आणखीच चांगलं झालं.

मग आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे मतदान. तू पाचवीत असल्यापासून आपण हात वर करून ठराव करत आलो. सुट्टीत कुठे जायचं, मांजर पाळायचं की नाही, तू कुठल्या शाखेला जायचं. 'आमच्या घरात बापाचा हुकूम चालत नाही,' असं मी युनियनच्या गेटसभांतही अभिमानाने सांगायचो. शेकोटी नको, या बाजूने माझा हात. तुझ्या आईचा हात. समर्थने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात खांद्यापर्यंतच नेला. बिचाऱ्या जावयाने तरी काय करावं? गोरक्षला तर मताचा अधिकारच नव्हता, पण त्यानेही स्क्रूड्रायव्हरसकट हात वर केला. तू एकटी उरलीस. "ठीक आहे नाना, तिथे ड्रॉवर करू," म्हणालीस आणि खोडरबराने ती पाच फुटांची चौकट पुसलीस. वाद नाही, रुसवा नाही. कागदावरचा चुरा फुंकून टाकलास आणि आम्हाला चहा विचारलास. मी विजयाच्या आनंदात दोन कप प्यायलो.

सोमवारी गोरक्ष माझ्या पुस्तकांची उंची मोजायला आला. तू एक कपाट पुस्तकांना ठेवलं आहेस, हे मला तेव्हा कळलं. टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "नाना, रागवू नगा. तुमी कामगारांचं पुढारी व्हय, पर घरात तुमीच म्यानेजमेंट हाय." मी म्हणालो, "अरे, मतदान झालं ना!" तो म्हणाला, "झालं की. म्यानेजमेंट बी सह्या घेऊनच कागूद करतं. आन् मी हात का वर केला म्हाईत हाय का? तुमी माझ्याकडं बघितलं म्हनून." ड्रॉवरसाठीचा प्लाय गुरुवारी कापणार, म्हणाला. एकदा कापला की त्या मापाची शेकोटी पुन्हा बसायची नाही.

मी थोडा हाललो, पण लगेच सावरलो, कारण मला एक कारण सापडलं. तू सात वर्षांची असताना संपाच्या दिवसांत गेटसमोर आम्ही शेकोटी पेटवायचो आणि तू माझी शाल पांघरून शेजारी बसायचीस. मला एकदम उमगलं, की पोरीला तीच शेकोटी हवी आहे, त्या लढ्याची आठवण! गोरक्षपुढे मी त्यावर दहा मिनिटं बोललो. त्याने शांतपणे तुला फोन लावला आणि विचारलं. फोन स्पीकरवर होता, हे तुला माहीत नव्हतं, त्याबद्दल माफ कर. तू खळखळून हसलीस. "काहीतरीच काय गोरक्षदादा! त्या धुराने माझे डोळे चुरचुरायचे. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं तेव्हा गेस्टहाउसमध्ये पाहिली होती, आवडली. बस्स. प्रत्येक गोष्टीत नानांचा लढा कशाला पाहिजे?" मग आवाज खाली आणून म्हणालीस, "जाऊ दे. सवय आहे मला."

विजू, आयुष्यात माझ्यावर दगड आले, नोटिसा आल्या, निलंबन आलं. 'सवय आहे मला' या तीन शब्दांनी जे केलं, ते त्यांपैकी कशानेच केलं नव्हतं. भाकरी मागणाऱ्याच्या बाजूने मी जन्मभर बोललो. एखाद्याला एखादी वस्तू नुसती आवडू शकते, आणि तेवढं कारण पुरतं, हे माझ्या एकाही भाषणात नव्हतं.

आज सकाळी चहाच्या वेळी तुझ्या आईला विचारलं, तू रविवारी हात का वर केलास? ती मिरच्यांना पाणी घालत होती. म्हणाली, "तुमचं भाषण संपलं की माझा हात आपोआप वर जातो. मत विचारलंत कुणी?" मग तिने मला एका काचेच्या शोकेसची आठवण करून दिली. दापोडीच्या खोलीत असताना तिला ते हवं होतं, कपबश्या मांडायला. मी तेव्हा दिखाऊपणावर बोललो होतो. ठराव तीन विरुद्ध शून्य मंजूर झाला होता, तिने स्वतःविरुद्ध मत दिलं होतं आणि तुझा हात मी धरून वर केला होता. मला यातलं काही आठवत नव्हतं. तिला कपबश्यांचा रंगसुद्धा आठवत होता. सांगताना ती हसत होती, हे तुला कळावं म्हणून लिहितो. मी उद्या तिला घेऊन काचेच्या कपाटांच्या दुकानात जातो आहे. ती म्हणाली, "येईन, पण तुम्ही दुकानात बोलायचं नाही." मान्य केलं.

पंचवीस वर्षांत आपल्या घरातला एकही ठराव मी हरलो नाही. बाहेर कुठल्या संस्थेत असं घडलं असतं, तर मी गेटवर उभा राहून म्हणालो असतो, की एकच माणूस सदानकदा जिंकतो तिथे निवडणूक नाही, नाटक चालतं.

तर हे पत्र का? सकाळचं बोलणं झाल्यावर मी चपला घालून निघालोच होतो. मोशीला येऊन तुझ्यापुढे चूक कबूल करणार होतो, मनात सुरुवातीची चार वाक्यं जुळलीही होती, आणि ती झकास होती. तुझ्या आईने दारात अडवलं. म्हणाली, "जाऊ नका. तुम्ही माफीसुद्धा अशी मागाल, की पोरगी परत हरेल. लिहून द्या. कागदावर ती तुम्हाला मध्येच थांबवू शकते." म्हणून लिहिलं. गोरक्षला प्लाय कापू देऊ नकोस. तुझी भिंत तुला हवी तशी कर. त्यासाठी मतदान नको, आणि कारण मी विचारणार नाही.

तुझाच,
नाना