जिला लांब जायचं, तिची सायकल फाटकाजवळ

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की या शाळेत तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय आता कोणी नाही. तुम्ही जिथं भूगोल शिकवायचा तिथंच मी आज मुख्याध्यापिका आहे. यंदा पटांगणात सायकलींसाठी शेड झाली. गावातल्या लोकांना ती आवडली, पाहायला आलेल्या साहेबांनाही आवडली. पण ती अशीच का केली, हे न सांगता समजलं असतं ते फक्त तुम्हाला. म्हणून लिहायला बसले.

मी नववीत होते, हिवाळा होता. सायकली तेव्हा शाळेमागच्या भिंतीला टेकवलेल्या असायच्या, एकीवर एक. जो आधी येई त्याची भिंतीशी, जो उशिरा येई त्याची बाहेर. आमचं गाव सगळ्यात लांब, जंगलापलीकडं, म्हणून आम्ही मुली घरून अंधारातच निघायचो आणि सगळ्यांच्या आधी पोचायचो. त्यामुळे सुटताना आमच्याच सायकली सगळ्यात आत अडकलेल्या. त्या दिवशी माझ्या ब्रेकची तार कोणाच्या तरी पायडलमध्ये गुंतली. ती सोडवेपर्यंत पटांगण रिकामं झालं. मी पुढं गेले असेन असं समजून गावच्या मुलीही निघून गेल्या. त्याच आठवड्यात वाटेतल्या नाल्याजवळ पिल्लांसकट वाघीण दिसली होती. एकटीनं जायचं नाही, हे आमच्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण घरी वाट पाहतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही शाळेलगतच्या खोलीत राहायचा. फाटकाबाहेर येऊन तुम्ही माझ्या सायकलचं हँडल धरलंत.

"एकटी काऊन निघाली?"

"सायकल निघत नोती, बाई."

"मंग माह्याकडे यायचं. एकटीनं जंगलात शिरायचं नाई."

आवाज मोठा नव्हता, तरी मला रडू आलं. तुम्ही मला आत नेता. स्टोव्हवर लाखोरीची डाळ शिजते आहे. तुम्ही भात जास्तीचा टाकता आणि मला सांबाराची, कोथिंबिरीची जुडी निवडायला बसवता. हात कामात असले की रडू थांबतं, हे तुम्हाला माहीत असावं. मी पहिला घास घेतला तोच वडील दारात उभे राहिले, मागं गावातली माणसं, हातात टेंभे आणि काठ्या. मुली पोचल्या आणि मी नाही, म्हणून ती सगळी नाल्याच्या रस्त्यानं मला हाका मारत आली होती. मला जेवताना पाहून वडील उंबऱ्यावरच बसले. मग हळूच म्हणाले, पोरीची शाळा झाली, आता ती घरीच राहील.

तुम्ही त्यांच्यापुढं पाण्याचा गडू ठेवलात. "भाऊ, पोरीची चूक नाई. सायकल अडकली म्हणून ती मागं राह्यली. सायकलींचं मी पाहून घेईन. सोमवारी पाठवा तिले."

वडील हो म्हणाले नाहीत. पण सोमवारी मी दप्तर उचललं तेव्हा त्यांनी अडवलंही नाही. शाळेत आले तर तुम्ही पदर खोचून पटांगणात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारत होता. भिंतीजवळ नाही, फाटकाजवळ. एकेका गावाचा एकेक पट्टा, आणि दोन सायकलींमध्ये दप्तरासकट मुलगी उभी राहील एवढी जागा. हेडसरांना ते पटलं नव्हतं. फाटकातून शिरताच सायकलींचा बाजार दिसतो, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या गावातली मुलंही कुरकुरली, कारण त्यांना सायकली मागं न्याव्या लागत होत्या. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा: "जिले लांब जायचं, तिची सायकल फाटकाजवळ." रेघा पावसानं, पायांनी पुसायच्या आणि तुम्ही पुन्हा मारायचा. त्या हिवाळ्यात तुम्ही मला मोठ्या आवाजाची एक घंटी दिली आणि नाला आला की वाजवत जा म्हणालात. पुढं मी गडचिरोलीला अध्यापक विद्यालयात असताना तुम्ही तापानं गेल्याचं कळलं. मला यायला दोन दिवस लागले. तोवर सगळं उरकलं होतं.

तुमच्यानंतर रेघा कोणी मारल्या नाहीत, सायकली पुन्हा मागच्या भिंतीला गेल्या. आता आठवीच्या मुलींना सरकारकडून सायकली मिळतात, त्यामुळे सायकली वाढल्या आणि मागची भिंत पुरेना. शेड मंजूर झाली तेव्हा आलेला इंजिनिअर तरुण होता, सिंदेवाहीकडचा. त्यानं आखलेली शेड मागच्या भिंतीलाच होती, तीन बाजूंनी बंद, एक दार. तिथं जास्तीत जास्त सायकली मावतील, असं तो सांगत होता. मी म्हटलं, मावण्याचं काय, निघण्याचं बोला. मग तुमची ती संध्याकाळ त्याला सांगितली. तो ऐकून घेत होता, पण सावलीचा मुद्दा त्यानं सोडला नाही, आणि तो बरोबर होता. तुमच्या पट्ट्यांत सायकली उन्हात असायच्या, चैत्रात ट्यूब फुटायच्या, आणि वानरं सीट फाडायची ती वेगळीच. शेवटी फाटकाच्या बाजूला लांब, दोन्हीकडून मोकळी शेड झाली. पश्चिमेकडचं छप्पर खाली उतरतं घेतलं. चाक वाकू नये म्हणून सायकलचा सांगाडा टेकवायला पाइप बसवले.

एक गोष्ट मात्र तुमच्या वेळी नव्हती. शेडच्या टोकाला कुलपाची खोली करून घेतली. रस्त्यावर वाघ असल्याचा वनविभागाचा निरोप आला की मुलींना गाडीनं पोचवायचं ठरलेलं आहे. पण सायकल उघड्यावर टाकून जायला त्या तयार नसत, चोरीला जाईल म्हणून. त्या वाघापेक्षा सायकलीला जास्त जपत. दिवाळीनंतर तसा निरोप आलाच. मुलींनी सायकली खोलीत लावल्या. जंगलापलीकडच्या गावची एक मुलगी कुलूप लावलेलं दार पुन्हा पुन्हा ओढून पाहत होती. "सायकल सकाळी इथीच राहीन ना मॅडम?" मी किल्ली तिच्याच हातात दिली. सकाळी गाडीतून सगळ्यात आधी ती उतरली.

गाववार पट्टे मात्र चालले नाहीत, बाई. या मुली मैत्रिणीशेजारी सायकल लावतात, गाव कोणतंही असो. मी तो हट्ट सोडला. सगळ्या एकमेकींसाठी थांबतात, तेवढं पुरे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मी स्कूटीनं येते, आणि गेले कित्येक दिवस ती शेडच्या तोंडाशीच लावत होते, सावली पाहून. काल सहावीतली एक मुलगी सायकल धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची गाडी सरकवता का, आमाले लांब जायचं हाये." मी लगेच सरकवली. पण बाई, क्षणभर मला तिचा राग आला.