मंगळवारची होडी

आदरणीय एकोदादांना धाकट्या कोबिनाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. मला दुखत काहीच नाही, पण कधीही दुखेल असं वाटतं, आणि एस्सी (माझी बायको, वयाबरोबर तिची जीभही वाढली) म्हणते की हाच माझा आजार.

लिहायचं कारण वेगळं आहे. माझी नात आराबा, अंगठ्याएवढी पोर, दर मंगळवारी गावातली पोरं गोळा करून हॅम्बुर्गला निघते. हो, तुम्ही राहता तेच हॅम्बुर्ग. मंगळवारी आपल्याकडे समुद्राला विसावा, कोणी मासे धरायला जात नाही, होड्या वाळूवर पडलेल्या असतात. त्यातली एक धरून ही सुकाणूपाशी बसते आणि गोष्ट सुरू करते. बाकीची वल्ही मारतात. कोरड्या वाळूत, दादा. ती वाळू येते माझ्या डोळ्यांत.

तिचं हॅम्बुर्ग ऐकाल तर तुम्ही तिथलं घर विकाल. आकाशातून कसाव्याचा पांढरा रवा पडतो म्हणे, गारगार, आणि लोक वाडगी घेऊन धावतात, साखर घालून खातात. माणसं बोलली की त्यांच्या तोंडातून धूर निघतो. (माणसं आहेत की मासे धुरवायच्या चुली?) शेजारी मेला तरी कोणी ढोल वाजवत नाही. या पोरीनं शेजारच्या गावचा बाजार धड पाहिलेला नाही. मी निदान ताकोरादीच्या बंदरावर जाऊन मोठी बोट बघून आलोय, लांबून का होईना.

पोरांबरोबर कोणी जाणतं माणूस हवं, म्हणून मीही होडीत बसलो. निघाल्या निघाल्या विचारलं, प्यायचं पाणी कुठे ठेवलंय? मग विचारलं, कागदपत्रं कोणाकडे आहेत? कोणी दाद देईना. शेवटी रिवाजाप्रमाणे हात वर केला आणि म्हणालो, "थांबा. त्या दिवशी मी तिथं होतो." तुम्हाला ठाऊकच आहे, असं म्हणून गोष्ट अडवली की अडवणाऱ्यानं गाणं धरायचं, बाकीच्यांनी टाळ्या द्यायच्या आणि मग गोष्ट पुढे. मी गाणं धरलं नाही. नुसत्या वल्ह्यांनी भागणार नाही, इंजिन लागेल, आणि त्याचं तेल कुठे संपेल ते सांगायला लागलो.

आराबा म्हणाली, "नाना, गाणं कुठाय?"

"आधी तेल, मग गाणं."

"मग नानांना बेटावर उतरवू या रे. होडी जड झालीय."

आणि दादा, त्यांनी मला उतरवलं. जाळ्यांच्या ढिगावर बसवलं, हातात मक्याच्या केंकीचा गोळा ठेवला आणि वल्ही मारत निघून गेली. एक कार्टं तर रुमाल हलवत होतं. एस्सी तिथंच वाळत घातलेले मासे उलटत होती. म्हणाली, "बरं झालं. बेटावर तुमची कटकट ऐकायला कोणी नाही."

तेव्हापासून दर मंगळवारी मी त्या ढिगावर. आता मध्ये बोलायचीही सोय उरली नाही. "त्या दिवशी मी तिथं होतो" एवढं म्हणायचा अवकाश, सगळी एका सुरात ओरडतात, "नाना, तुम्ही बेटावर होता." रिवाज त्यांच्या बाजूनं. आजोबाला समुद्रात टाकून फुकटचा रवा खायला निघालेली ही पिढी. जाऊ दे, मला त्यांच्या हॅम्बुर्गचं काडीचं कौतुक नाही.

गुडघ्याला तेल चोळत जा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
कोबिना बेंट्सिल

ता. क. होडी अजून तिकडे पोचलेली नाही. दर बंदराला खायला थांबतात आणि मंगळवारशिवाय हलत नाहीत. पत्र मात्र विमानानं जातं. तेव्हा आराबाला ताबडतोब लिहा की तुझे नाना मोठ्या बोटीनं आधीच येऊन पोचलेत आणि धक्क्यावर तुमची वाट बघत उभे आहेत. तुम्ही तिथले, तुमचा शब्द तिला मानावाच लागेल. मग मी म्हणेन, त्या दिवशी मी तिथं होतो. बघू कोण तोंड उघडतं.

पुन्हा ता. क. तिकडचं एखादं गाणंही पाठवा, सोपं. मला एकच येतं आणि ते मयताचं आहे.

आणखी एक. तोंडातून धूर खरंच निघतो का? निघत असेल तर तिला कळवू नका, मलाच कळवा. आणि उशीर करू नका. बेटावर वारा फार आहे, आणि केंकी संपली.