पाहुण्यांच्या खोलीतली तुळस

शनिवार, नोव्हेंबर २००६
मिल्टन कीन्स

भाड्याने द्यायची खोली फोटोत उजाड दिसते म्हणून घरातल्या सगळ्या कुंड्या मी तिथे मांडल्या. सासूबाईंची तुळससुद्धा. "ती तेवढी तिथे नको गं," म्हणाल्या होत्या. म्हणूनच ठेवली का मी? असेल. माझ्या हातचं झाड जगत नाही, हे चारचौघांत सांगायची त्यांना भारी हौस.

आज पाहुणे गेले. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्यात! "तुमचं बेसिल पास्त्यात घातलं, लव्हली टच," बाई जाताना म्हणाली. मी हसले.

मग सुपरमार्केटमधून खरंच बेसिलचं रोप आणलं आणि त्याच कुंडीत लावलं. सासूबाईंना धड दिसत नाही, वासही येत नाही. संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, पानं चाचपली. "कशी टवटवीत झालीये! तुझ्या हाताला गुण आहे हो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेही पिझ्झावरच्या पानासाठी!

मग हळूच म्हणाल्या, "माझी वेळ आली की हिचंच पान तोंडात ठेव हं."

ठेवीन म्हटलं. आणि ठेवीनही.