दोन्ही गाडग्यांत दाणा

बा, तुझ्यावरचा राग इतक्या वर्षांनीही गेलेला नाही, हे आधीच सांगते. धम्म घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात आपल्या नाचणगावच्या वस्तीतून एकाच मुलीला वर्ध्याच्या वसतिगृहात शिकायला पाठवायचं ठरलं. मुली चार. कुणाचं मन दुखू नये म्हणून वडीलधाऱ्यांनी रीत काढली: चौघींची चार गाडगी, आणि प्रत्येक घराने जी जी मुलगी लायक वाटते तिच्या तिच्या गाडग्यात तुरीचा एकेक दाणा टाकायचा. दोघींची लग्नं ठरत आली होती, त्यांना कुणी धरतच नव्हतं. खरी चुरस माझ्यात आणि शेजारच्या मुलीत. तिचा बाप हुशार. त्याने लेकीच्या गाडग्यात दाणा टाकला, त्या दोघींच्याही गाडग्यांत टाकला, आणि माझं गाडगं तेवढं सोडलं. उदारही दिसला आणि गेलं काहीच नाही.

मग तू उठतोस. मिलमधली पाळी करून आलेला, सदऱ्याला कापूस चिकटलेला. माझ्या गाडग्यात एक दाणा टाकतोस आणि तिच्याही गाडग्यात एक. शेवटी दाणे मोजले तेव्हा ती एका दाण्याने पुढे निघाली. तुझा तो दाणा नसता तर बरोबरी होती, निदान चिठ्ठी तरी टाकावी लागली असती.

घरी आईने विचारलं, "तिच्यात काऊन टाकला?"

"दोघीबी लायक हायेत. खोटं कसं करू?"

"तुले पोरगी शिकवाची होती का न्याय कराचा होता?"

तू खाली मान घालून भाकरी मोडत बसलास. दिवाळीपासून मी कापूस वेचायला जाऊ लागले आणि वेचतच राहिले.

आता पिपरी मेघेच्या आमच्या बचत गटात अध्यक्ष अशीच निवडतात, पटतील तितक्या जणींसाठी हात वर करून. नव्या बायकांना मी सांगते, निवडून यायच्या बेतात कोण दोघी आहेत ते आधी बघा. त्यांतली बरी वाटेल तिला हात द्या, तिच्याहून बऱ्या वाटतील त्या सगळ्यांना द्या, पण त्या दुसरीला नाही. दोघींना दिलात तर त्यांच्यापुरता तुमचा हात असून नसल्यासारखा. यात लबाडी कसली, बा? वजन टाकायचं तर पारडं निवडावंच लागतं.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं. वाचून तू तेच म्हणाला असतास, दोघीबी लायक होत्या. होतीच ती लायक. तेव्हा माझ्या हातात कुणी दाणा दिला असता, तर तिच्या गाडग्यात मीही टाकला असता. पण तो मी टाकायचा होता, तू नाही. तू माझा बाप होतास.