चार महिन्यांची फळी

१७ फेब्रु. ७४, रवि.
फ्लॅट पाहिला. गल्ली इतकी अरुंद की हात लांबवला तर शेजारच्या कौलाला लागेल. पण आत गेलो तर लख्ख उजेड! इमारतीच्या मधोमध, खालपासून गच्चीपर्यंत, हवेचा उभा बोळ सोडलाय. प्रत्येक स्वैपाकघराची एक खिडकी त्यात उघडते. धूर, वाफ, उकाडा सगळं वर ओढलं जातं. इंजि. म्हणाला, पंखा नको, दिवसा दिवा नको. रॉकेलला रांगा, करंट कधी जाईल भरवसा नाही. अशा दिवसांत आणखी काय हवं?
सुलू त्या खिडकीशी उभी राहिली. लग्नापासून दम्यानं गांजलीय बिचारी. म्हणाली, "आवं, हितं छाती मोकळी हुतीया." झालं. ठरलं.

३ मार्च
गावी, कुंडलला गेलो. माझ्या वाटणीचं रान थोरल्या भावाला विकलं. आई दिवसभर बांधावर बसून होती. निघताना म्हणाली, "वारा इकत घ्यायला रान घालवलंस व्हय रं?" हसलो. खोटं नाही.

२८ एप्रिल, रवि.
सांगलीकर झालो! खाली बशीरभाई शिंपी, समोर गुजराती कुटुंब, वरच्या मजल्यावर पद्माक्का आणि तिचे यजमान. जैन. माहेर बेळगावकडचं, मराठी बोलताना मध्येच कानडी. गिरणीच्या गेटवर दिवसभर सलाम ठोकून घरी यावं तर बोळात सुलू नि पद्माक्काच्या गप्पा. ही मान वर करून, ती खाली वाकून. पलटणीत वायरलेसवर इतकं बोलणं कधी ऐकलं नाही.

१९ मे
बाहेर आग. घरात गार. सुलू जरा खोकली की वरून हाक, "अय्यो सुलू, सुंठ घेतलीस का गं?" मागोमाग दोरीला बांधलेली वाटी खाली. तीन आठवड्यांत एकदाही इंजेक्शन नाही. रान गेलं त्याचं काही वाटत नाही आता.

४ जुलै
अक्काचा चातुर्मास सुरू. कांदा-लसूण बंद. आपला वास वर जातो म्हणून सुलूनंही फोडणीत लसूण टाकणं सोडलं. आमटी म्हणजे नुसतं पिवळं पाणी. कुरकुरलो. "चार महिनं जीभ आवरा की," म्हणाली.

१४ जुलै, रवि.
आई आली, डबा भरून मटण घेऊन. आखाड! सुलू म्हणाली, "आत्याबाई, वर अक्कांचं व्रत हाय." आई भडकली. "मग आखाड काय त्यास्नी इचारून करायचा? लेकाच्या नव्या घरातला पयला आखाड हाय." सुलूनं गुमान चूल... स्टोव्ह पेटवला. रस्सा झक्कास. मी दोनदा घेतला. सुलूनं भाकरी नुसती कुस्करली.
संध्याकाळी कळलं, अक्का भरल्या ताटावरून उठली.

१५ जुलै
अक्काच्या यजमानांनी त्यांच्या खिडकीखाली बोळात आडवी फळी ठोकली. फटीत गोणपाट कोंबलं. म्हणजे खालचं सगळं बंद. तावातावानं वर गेलो. ते शांतपणे म्हणाले, "चारच महिने हो, दादा. कार्तिकी पुनवेला काढतो." मी तोंड उघडणार तेवढ्यात सुलूनं मागून दंड धरला. जिन्यात म्हणाली, "त्यास्नी व्रत मोडायला लावू नगासा. माझी आन हाय."
अक्का दिसली नाही.

२३ जुलै
पाऊस थांबत नाही. बाहेरच्या खिडक्या लावाव्याच लागतात. स्टोव्हचा धूर घरातच. भिंतींना ओल, कपडे दमट. सुलू बसूनच झोपते. डॉ.कडे चल म्हटलं तर, रविवारी जाऊ. अक्काला सांगू का विचारलं तर डोळे वटारले.
फळी लागल्यापासून दोघी बोललेल्या नाहीत. तिचं निम्मं दुखणं तेच आहे.

२६ जुलै
बशीरभाई सायकल मारत गेटवर आला. भिजलेला. "हवालदारसाब, भाभी..." एवढंच.
सुलू गेली.

८ ऑगस्ट
काल तेरावं झालं. पाहुणे गेले. आता लिहितो.
दुपार होती. बशीरभाई शिवलेलं पोलकं द्यायला आला, दार लोटलं तर ती स्वैपाकघरात, खिडकीखाली. अक्का नेमकी तिच्या डोक्यावरच्या खिडकीशी, पोथी वाचत बसलेली. मध्ये ती फळी. काल अक्का माझ्यासमोर बसली आणि एकच बोलत राहिली, "मला खोकला ऐकायलाच आला न्हाई हो, दादा. रोज ऐकत हुते मी."
फळी तिनं सुलू गेली त्याच संध्याकाळी स्वतः बत्त्यानं ठोकून काढली. चातुर्मास चालू असताना. आता वारा असा येतो की देव्हाऱ्यातली समई टिकत नाही. चीड येते त्या वाऱ्याची.
आईवर ओरडावंसं वाटतं. पण ती लेकाला जेवू घालायला आली होती. अक्कावर ओरडावं तर... आणि सुलूवर? आण कशाला घातलीस गं?

१८ ऑगस्ट, रवि.
आई म्हणते, इकून टाक, कुंडलला चल. गिऱ्हाईकही पाठवलं तिनं. नवं जोडपं. पोरगी त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, म्हणाली, "अगं बाई, किती गार!" मी म्हणालो, द्यायचा नाही फ्लॅट. का, ते धड सांगता येईना. बिचारी गेली. आईला काय सांगू? या भिंतींत ती मोकळा श्वास घेत होती. अडीच महिने का होईना. आणि याच भिंतींत...
भात टाकायला उठलो. वरून अक्का, "दादा, जेवलासा का?" तांदूळ धुवत राहिलो. थोड्या वेळानं परत तेच. खिडकी लावायला हात घातला. लावली नाही.  ती वर उभी असावी, मी खाली.