ट्रंकेतले इंग्लंडचे कागद

ती. आई,

आधी कारण सांगते. वैदेही इंग्लंडहून सुट्टीला आली आहे, रविवारी परत जाते आहे आणि तुमच्या ट्रंकेतले कागद मागते आहे. तुमची वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय मी कधी कोणाला दिली नाही. म्हणून हे पत्र.

तुमचा जन्म पोर्तुगीजांच्या गोव्यातला. त्या दाखल्याच्या जोरावर तुमच्या या नातीला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि युरोपीय संघाची नागरिक म्हणून ती सरळ इंग्लंडला नर्सिंग शिकायला गेली. भारताचा पासपोर्ट तिनं परत केला त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही मात्र तिला एवढंच बजावलंत, की नाव-पत्ता असलेला तिथला प्रत्येक कागद मला पोस्टानं पाठवायचा.

दवाखान्याचं पत्र, कॉलेजचं, मतदार यादीचं. आपल्या केशवापूरचा पोस्टमनसुद्धा हसायचा. मी म्हणाले, या वयात तुम्हाला इंग्लंडची रद्दी कशाला? तुमचं उत्तर ठरलेलं: "कागद आसल्यार मनीस आसा."

गोव्यात राज्य बदललं तेव्हा तुमच्या वडिलांना स्वतःचं घर स्वतःचं आहे हे सिद्ध करत हिंडावं लागलं, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत! मी किती वेळा ऐकलं? एकदाही नाही.

ब्रिटननं संघ सोडायचा कौल दिला, तो तुम्ही टीव्हीवर पाहिलात. प्रत्यक्ष बाहेर पडलं तेव्हा तुम्ही या जगात नव्हतात. तिथं कायम राहायचं तर संघातल्या देशांच्या लोकांनी पाच वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा द्यायचा होता. वैदेहीची शिक्षणाची दोन वर्षं कुठल्याच नोंदीत सापडेनात. फोनवर रडत होती.

"आई, मी इथं होते हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही."

"अज्जीच्या ट्रंकेत बघते."

"ती तू टाकली नाहीस?"

"टाकणार होते. किल्ली सापडेना."

कुलूप फोडलं. आत वर्षवार गठ्ठे, दोऱ्यानं बांधलेले, वर तुमच्या अक्षरात महिने. त्या दोन वर्षांच्या पत्रांचे फोटो पाठवले आणि तिला कायमची राहायची परवानगी मिळाली. तिची नोकरी, तिचा संसार, सगळं त्या गठ्ठ्यांवर उभं आहे. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली. उपकार झाले, आई.

आता म्हणे ब्रिटन पुन्हा संघाशी जवळीक करतंय. काडीमोड घेतलेली माणसं ओसरीवर बसून बोलू लागली आहेत. वैदेही म्हणते, अज्जी असती तर म्हणाली असती, नवी फाईल उघड.

ती मी उघडते. या घरात तिच्या कागदाला यापुढे कोणी रद्दी म्हणणार नाही, मीही नाही. हा शब्द.

तुमची सून,
सुमित्रा

वैदेहीच्या हाती दिले: पत्रांचे गठ्ठे, तीन. तुमचा पोर्तुगीज भाषेतला जन्मदाखला, मूळ, एक.
वैदेहीकडून घेतले: तिच्या मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत, एक. नाव-पत्ता तपासला. बरोबर आहे.